सर्पदंशाच्या संशोधनाला पैसा कोणी द्यावा?

हुपरीचे नाव चांदीच्या पैंजणांनी देशभर पोचविले. पण गावाच्या आसपास उसाचे मळे आहेत आणि उसात साप असतो. तेव्हा तातडीच्या उपचारांवरील संशोधनाला पैसा कोण पुरवितो, हा प्रश्न व्यापाऱ्यांनीही विचारला पाहिजे, असे आम्हास वाटते.

औषध कंपनी खप पाहून पैसा लावते. सर्पदंशाचा रोगी बहुधा शेतमजूर. तो काही वर्षानुवर्षे गोळ्या घेणारा गिऱ्हाईक नव्हे. 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. तरी या क्षेत्रात मोठी रक्कम आली ती ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडून. 2019 साली तिने 8 कोटी पौंड जाहीर केले.

आपल्याकडे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे जुने, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरून पाहिले. त्याचे निष्कर्ष 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्यातून असंख्य जीव वाचले. पण स्वस्त गोळीचा नवा उपयोग शोधण्यात कोणत्या कारखानदाराला नफा दिसणार?

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. हुपरीच्या घरगुती कारखान्यांना ते लागू नाही. म्हणून आपली जबाबदारी संपते काय?

जकात हा गरजूंचा हक्क आहे. तिला हात लावू नये. परंतु ऐच्छिक सदक्याला अशी मर्यादा नाही. लोकांना दीर्घकाळ लाभ देणारे ज्ञान हे सदका-ए-जारियाच होय. विकल्या जाणाऱ्या चांदीवर किलोमागे ठराविक लहान रक्कम बाजूला काढावी, हिंदू-मुस्लिम व्यापाऱ्यांनी मिळून निधी उभारावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी उघड मांडावा.

या निधीतून प्रयोगशाळा उभी राहणार नाही. मात्र कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या संमतीने एका नोंदणी कारकुनाचा पगार निघू शकेल. साप कधी चावला, रोगी किती वेळाने पोचला, लसीच्या किती कुप्या लागल्या, याची नोंद तो ठेवील. सापाचे विष प्रांतागणिक बदलते. आपल्या भागात लस कितपत लागू पडते, हे अशा नोंदींवरूनच कळू लागते.

चांदीचा टंच तपासल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मजुराच्या जिवावरील औषधाचा टंचही तितक्याच काटेकोरपणे तपासला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.