नेटमध्ये हिरो, मॅचमध्ये झिरो?

नेटमध्ये एकाच टप्प्यावर पन्नास चेंडू आणि पन्नास कव्हर ड्राइव्ह. आपण खूश, सरही खूश. रविवारी मॅचमध्ये मात्र तिसऱ्याच चेंडूवर दांडी गुल! मग ठरलेलं वाक्य कानावर येतं, ‘याला प्रेशर झेपत नाही.’ दोस्तांनो, हे वाक्य खरं मानून कितीतरी जण किट कायमचं माळ्यावर टाकतात. त्याआधी जरा थांबा. दोष तुमच्यात नाही, तुमच्या सरावात असू शकतो.

प्रत्येक कौशल्याची मागणी वेगळी असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं, ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. तिथं लक्ष्य जागचं हलत नाही, कुणी आडवं येत नाही. मल्लखांबाचा पुरलेला खांबही तसाच. इथं तीच हालचाल हजारदा घोटणं हाच राजमार्ग. पण कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात आणि समोर सात जण. घोटा कोण धरणार, हे आधी कळत नाही. तिथं नुसते पाय चालून भागत नाही, समोरचं बघून क्षणात ठरवावं लागतं. मग ठरवण्याचा सराव नको का?

अमेरिकेत १९९४ मध्ये कॉलेजच्या बेसबॉलपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला जादा सरावात १५ वेगवान, मग १५ वळणारे, मग १५ संथ चेंडू टाकले. दुसऱ्याला तेच ४५, पण सरमिसळ करून. सहा आठवड्यांनी सरमिसळवाले स्पष्ट पुढे होते. कारण साधं आहे. पुढचा चेंडू कसला येणार हे माहीत असलं, की डोकं सुट्टीवर जातं.

‘आधी पाया पक्का हवा,’ असं सर म्हणतील. बरोबरच आहे. नवा फटका शिकताना घोटूनच शिका. पण तो बसला, की गोलंदाज बदला, टप्पा बदला, फील्डिंग लावा. कबड्डीत खरे पकडणारे समोर उभे करा. सुरुवातीला चुका वाढतील, सराव बिघडल्यासारखा वाटेल. वाटू द्या. नेटमधल्या चुका फुकट असतात, मॅचमधल्या महागात पडतात.

तेव्हा उद्या मैदानावर गेलात की सरांना एवढंच सांगा, ‘सर, पुढचा चेंडू कसला ते सांगू नका.’