किती तासांत पोचलात?

प्रवास करून आलेल्या माणसाला आपल्याकडे पाण्याचं भांडं नंतर मिळतं, प्रश्न आधी मिळतो. "किती वाजता निघालात?" तो सहा म्हणतो, विचारणारा मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि लगेच निकाल जाहीर होतो. "अरे वा, म्हणजे साडेसहा तास. छान आलात." किंवा मग, "एवढा वेळ? आमचा बंड्या तर..." आमच्या घराण्यात असा एक बंड्या आहे (नाव बदललंय, पण त्याला कळेल :-) ). पुणे-गुहागर त्याने म्हणे पावणेसहा तासांत गाठलं होतं, तेही वाटेत चहा घेऊन. गेली सात-आठ वर्षं हा विक्रम प्रत्येक लग्नात आणि मुंजीत नव्याने सांगितला जातो.

तर मंडळी, गेल्या महिन्यात आम्हीही पुणे-गुहागर केलं. सकाळी सहाला निघालो, दुपारी चारला पोचलो. दहा तास! संध्याकाळी आत्याचा फोन. "बैलगाडीने गेलात की काय रे?" तेव्हा हसून सोडून दिलं, पण उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

उत्तराची सुरुवात अडीच वर्षांमागे होते. चिरंजीव तेव्हा चौदा महिन्यांचे होते. आम्ही सगळे साताऱ्याला एका लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी बायको, मागे कन्या आणि आई, आणि आईच्या मांडीवर चिरंजीव गाढ झोपलेले. बेल्ट फक्त पुढच्या दोघांना. कारसीट आमच्याकडे नव्हती. घ्यायची का यावर घरात चर्चा झाली होती आणि "आई आहे ना धरायला" या वाक्यावर ती संपली होती. ते वाक्य माझं होतं.

शिरवळच्या पुढे उलट्या दिशेने एक मोटारसायकल अचानक समोर आली आणि मी करकचून ब्रेक दाबला. आदळलो कुठेच नाही. मोटारसायकलवाला तर मागे वळून न बघता निघूनही गेला. पण आई पुढे फेकली गेली, तिच्या मांडीवरून चिरंजीव सुटले आणि पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जाऊन आपटले. हनुवटीला तीन टाके. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. लग्न राहिलं, आम्ही परत फिरलो.

अशा वेळी घरात जे जे बोललं जातं ते सगळं बोललं गेलं. मोटारसायकलवाल्याला शिव्या, रस्त्यांना शिव्या, सरकारला शिव्या. दृष्ट काढून झाली. आठवड्याभरात कारसीटही आली. एक गोष्ट मात्र कोणीच बोललं नाही, आणि ती कोणती हे मला कळायला अडीच वर्षं लागली.

त्यानंतर आई आमच्याबरोबर गाडीने लांब कुठे आलीच नाही. कधी गुडघे, कधी भजनी मंडळ, कधी "घराला कोणी नको का?" आम्हीही फार आग्रह केला नाही. वय झालं म्हटलं. या वेळी मात्र व्याडेश्वराला जायचं ठरलं. आमचं कुलदैवत. नातवाला पायावर घालून आणायचं कधीपासून राहिलं होतं आणि त्याचा तगादा सगळ्यात जास्त आईचाच होता. तरी ऐन वेळी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या." मी जरा चिडूनच विचारलं, "आता काय झालं?" ती गवार मोडत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या हातांचा भरवसा नाही रे. एकदा सुटलाय तो."

अडीच वर्षं ही बाई ते तीन टाके मनात वागवत होती, आणि आम्ही तिला गुडघ्याला लावायचं तेल आणून देत होतो.

आई शाळेत गणित शिकवायची. त्यामुळे समजुतीच्या चार गोड शब्दांवर ती विश्वास ठेवत नाही. मी कागद घेऊन बसलो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. एवढ्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक माणसाला जागेवर धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या चौदा पट जोर लागतो. दहा किलोचं मूल धरायचं तर १४० किलोचा. म्हणजे ५० किलोची तांदळाची जवळजवळ तीन पोती, तीही झोपेत असताना, न सांगता अंगावर आलेली. आमचा तर नुसता ब्रेक होता. तेवढ्यातही, ज्या माणसाने मुलाला धरायचं तो बेल्ट नसल्यामुळे स्वतःच पुढे फेकला जात असतो. आईच्या जागी दारासिंग असता तरी पोरगं सुटलंच असतं. हातांना जमण्यासारखं ते कामच नव्हतं. ते हातांवर टाकलं मी.

आईने कागद हातात घेऊन सगळा हिशोब दोनदा तपासला. मग म्हणाली, "बरोबर आहे. हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

याचं खरं उत्तर सोपं आहे आणि मला त्याची लाज वाटते. तेव्हा सगळे गप्प राहिले यात माझी सोय होती. "आजीच्या हातून सुटला" एवढंच जोवर घरात राहिलं, तोवर "बापाने सीट का घेतली नव्हती?" असं मला कोणी विचारलं नाही. आईला मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे आता, बॅगा भर."

असो. आता थोडा वाद घालतो, कारण आमच्या कारसीटवर नातेवाइकांत बरंच बोललं जातं हे मला ठाऊक आहे.

पहिला मुद्दा नेहमीचा. "आम्ही नाही का वाढलो?" वाढलो की! काकांच्या फियाटमध्ये आम्ही नऊ जण कोकणात जायचो. दोन पोरं पुढच्या सीटच्या मागे उभी, एक मांडीवर, एक मागच्या काचेखालच्या फळीवर आडवं. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण "आम्ही वाढलो" हे जे वाढले तेच सांगतात. जे राहिले नाहीत ते मुंजीच्या पंगतीत बसून आपली बाजू मांडू शकत नाहीत. शिवाय ती लटपटणारी फियाट आणि आजच्या चौपदरी रस्त्यावर शंभरने पळणारी गाडी यांत फरक आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. आईला विचारा.

दुसरा मुद्दा, "मागे बसलं की काही होत नाही." ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. गाडी चांगली, भारी, एअरबॅगवाली. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधून, सीटच्या फटीतून ओढून बाहेर काढले. आता ते परत फटीत गेलेत. मुलांचं म्हणाल तर २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात लिहिलंय, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा त्याच्यासाठीच्या खास सीटमध्ये सुरक्षित बसवलेलं नसेल तर चालकाला १००० रुपये दंड. हा दंड कोणी भरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. पण दंडासाठी थोडंच करायचंय?

तिसरा मुद्दा, "मांडीवर घेऊन दोघांना मिळून एकच बेल्ट लावा ना." हे तर फारच वाईट. गाडी आदळली की मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलावर येतं आणि मूल बेल्टमध्ये आणि माणसामध्ये चिरडतं. पुढच्या सीटवर मांडीत घेणं तसंच. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि तिच्या वाटेत मुलाचं डोकं असतं.

आणि चौथा मुद्दा, जो मला खरंच विचार करायला लावतो. "लेकराला असं बांधून ठेवायचं? कोंडल्यासारखं होत असेल त्याला." हो, होतं. सुरुवातीचे दोन आठवडे चिरंजीवांनी घरापासून कात्रजपर्यंत टाहो फोडला आहे. बायको शेजारी बसून त्याच्याबरोबर रडली आहे. आम्ही एकच नियम पाळला, बक्कल लागल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. कंटाळून तो गप्प झाला आणि मग त्याला सवय झाली. पण तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला सहा-सात तास सलग बांधून नेणं हा छळ आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच होतं काय, की लोक हौसेने सीट घेतात, वेळ गाठायच्या नादात कुठे थांबत नाहीत, तीन तासांनी पोरगं आकांत करतं आणि कोणीतरी म्हणतं, "बिचारा... घ्या त्याला जरा मांडीवर." झालं! सीट रिकामी आणि गाडी नव्वदच्या वेगात.

माझं म्हणणं एवढंच आहे. लहान मुलांबरोबर गाडीने जायचं तर मुलाला बांधायलाच हवं, आणि मुलाला बांधायचं तर आधी घड्याळ सोडून द्यायला हवं. एक केलं आणि दुसरं केलं नाही तर जमत नाही.

या वेळी आम्ही ते सोडलं. दर दीड तासाला थांबायचं, मग कोणी रडो न रडो, हे निघण्याआधीच ठरवलं. निघताना मागे चिरंजीव त्यांच्या सीटमध्ये, कन्या तिच्या उंच बैठकीवर (ती सात वर्षांची आहे, नुसता मोठ्यांचा बेल्ट खांद्याऐवजी मानेवरून जातो), आणि मध्ये आई. मी किल्ली फिरवणार एवढ्यात मागून आवाज आला, "आजी, तू टक् केलंस?" आईने आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बेल्ट लावला. चिरंजीवांनी ओढून बघितला आणि मगच गाडी सोडली.

खंबाटकीच्या आधी थांबलो, साताऱ्याला थांबलो. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो की डोळ्यांना बरं वाटायला लागतं. कोयना कधी दिसते, कधी लपते. पाटणच्या पुढे नदीजवळ तासभर बसलो. दशम्या, दाण्याची चटणी, दही. चिरंजीवांनी पाण्यात दगड टाकले. किती टाकले ते कन्येने मोजले, १३२. आईने साडी जरा वर धरून पाण्यात पाय सोडले. कोयनानगरला पुन्हा थांबलो. कुंभार्ली घाटात कन्येला उलटी झाली. आवळासुपारी होती, जुने पेपर होते, पिशव्या होत्या, तरी व्हायची ती झालीच. खाली उतरून चिपळूणला तिचे कपडे बदलले, लिंबू सरबत घेतलं. शेवटच्या टप्प्यात पोरं झोपली. चिरंजीवांचं बोट आजीच्या मुठीत होतं. हात होतेच की शेजारी. फक्त हातांनी करण्यासारखं काम त्यांना दिलं होतं.

हे सगळं सांगताना जाणीव आहे की गाडी असणं, सीट परवडणं हेच मुळात नशीब. जे एसटीने किंवा दुचाकीवर मुलं नेतात त्यांना शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांशी, जे पोराच्या खेळण्यांवर आणि वाढदिवसाच्या हॉलवर सहज खर्च करतात आणि सीट म्हटलं की "दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न" म्हणतात. एक सूचना. सीट घेतलीत तर नीट बसवा. बेल्ट जातो तिथे धरून हलवली तर ती बोटभरापेक्षा जास्त हलता कामा नये, आणि मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येता कामा नये. तान्ह्या मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक असते, त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूलाच हवं.

गुहागरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सामान टाकलं आणि आधी व्याडेश्वराला गेलो. दर्शन झालं, पायावर घालून झालं. आई देवळात खाली बसली आणि चिरंजीव न सांगता तिच्या मांडीत जाऊन बसले. अर्धा तास दोघंही उठले नाहीत. कोणी घाई केली नाही.

तर आत्या, मे महिन्यात मुंजीला आम्ही येतोय. आईही येतेय, गाडीनेच. जेवायला थांबू नका, आमचं पान झाकून ठेवा. आणि दारात विचारायचंच असेल तर "किती वाजता निघालात?" नको, "कुठे कुठे थांबलात?" असं विचारा. चिरंजीवांकडे सांगायला भरपूर असेल.