कार्ब्युरेटरला सुई आणि कामगाराला सायकल भत्ता



गेल्या उन्हाळ्यात जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत एका ट्रॅकमन साथीने व्हरांड्यात आपली जुनी मोटारसायकल उघडली. टाकीतले पेट्रोल प्लॅस्टिकच्या बादलीत काढले आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट सुईने मोठा करीत बसला. आत वहिनींनी चहासाठी गॅस पेटविला. भडका उंबऱ्यावरून थेट बादलीपर्यंत आला. दोन्ही हात भाजले, सहा आठवडे ड्यूटी बंद. मुले शाळेत होती म्हणून निभावले.

त्याला मूर्ख ठरविणारे पुष्कळ भेटले. मी त्यांच्यातला नाही. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. जुन्या गाडीत मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, रबरी नळ्या कडक होऊन चिरतात. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानेच जुन्या दुचाकींचे मायलेज 3 ते 4 टक्के घटेल असे मान्य केले आहे. आमचे साथी याहून जास्त सांगतात. उसाला भाव मिळतो याचा गावाकडे शेती असलेल्या आपल्यासारख्यांना आनंदच आहे, पण त्याची तूट ट्रॅकमनने आणि पोस्टमनने खिशातून का भरावी?

आता भत्त्याचे बघा. सातव्या वेतन आयोगाने सायकल भत्ता बंदच करा म्हटले होते. 2017 साली सरकारने पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी तो राखला आणि महिना 90 रुपयांचे 180 केले. तेव्हा आपण पेढे वाटले. पण काम होते मोटारसायकलवर आणि भत्ता सायकलचा! या फरकातूनच ती सुई हातात येते.

तरीही सुईचे समर्थन मी करणार नाही. जेट नंबरावर विकत मिळतो. सुईने पाडलेल्या भोकाला माप नसते. ते थोडे जास्त झाले की गाडी आणखी पेट्रोल पिते, म्हणजे ज्यासाठी केले तेच गेले. 2020 नंतरच्या गाड्यांत तर कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच, इंजेक्शन आले. त्या नळीत पंपाचा दाब असतो. ब्रेक पाइपात 5 किलोचा दाब आहे हे ठाऊक असलेला आपला माणूस अँगल कॉक बंद केल्याशिवाय होज सोडत नाही. ब्लॉक मिळाल्याशिवाय रूळ उघडत नाही. मग घरच्या व्हरांड्यात हा नियम कुठे जातो?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरपटते. जयपूरने हे पाहिले आहे. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी सीतापुऱ्याच्या तेल डेपोत पेट्रोल गळले, तासाभराहून अधिक वेळ वाफेचा ढग पसरत राहिला आणि मग स्फोट झाला. 11 माणसे गेली. बादली लहान म्हणून वाफ काही वेगळी वागत नाही.

नळी बदलायची असेल तर मिस्त्रीकडून इथेनॉलला टिकणारी घ्या. उघड्यावर काम करा, इंजिन थंड असू द्या, पेट्रोल धातूच्या झाकणाच्या डब्यात काढा. गाडीत मंजुरीशिवाय बदल केल्यास मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विम्याचेही वांधे होतात.

मोटारसायकल भत्त्याची मागणी शाखेच्या येत्या सभेत ठरावाने मांडीत आहे. टपालच्या साथींनीही आपापल्या शाखेत मांडावी. नुसत्या तक्रारीवर प्रशासन हलत नाही, आकडे लागतात. म्हणून ड्यूटीसाठी स्वतःची गाडी चालविणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या पेट्रोलच्या पावत्या जपाव्यात, प्रत्येकीच्या पाठीमागे मीटरचा आकडा लिहावा आणि युनियनच्या कचेरीत आणून द्याव्यात.