सुटण्याची रेषा

शर्यत संपली की पहिला कोण आला, हे जो तो विचारतो. कोण कुठून सुटला, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते शर्यतीतला निम्मा न्याय-अन्याय सुटण्याच्या रेषेवरच होऊन गेलेला असतो.

बैलगाडा शर्यतींवर आपल्या राज्यात पुष्कळ वाद झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. वाद मुक्या जनावरांच्या हालांचा होता नि तो व्हायलाच हवा होता. परंतु शर्यतीच्या आतल्या न्यायाचा विचार आपले शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून करीत आले आहेत.

सातारा-सांगलीकडे गाडे गटागटाने एकदम सुटतात. प्रत्येकाला आखलेली चाकोरी असते. आता जमीन ती जमीन. एका चाकोरीत माती घट्ट, तर शेजारच्या चाकोरीत भुसभुशीत. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर गाडे पळतात तिथेही तेच. पाण्याकडची वाळू ओली नि टणक, वरची कोरडी. तिथे चाक रुतते. मग कोणाला कोणती जागा द्यायची? उपाय सोपा : चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठीला जात नसते, पैसा नसतो, पाटीलकी नसते. पण चिठ्ठीने वाईट चाकोरी चांगली होत नाही. ती कोणाच्या वाट्याला येणार, एवढेच निःपक्षपातीपणे ठरते.

पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे दुसरी रीत आहे. तिथे घाटात एका वेळी एकच बारी पळते आणि घड्याळ लावून सेकंद मोजतात. सर्वांना एकच वाट, म्हणजे चाकोरीचा प्रश्नच मिटला! तरीही सकाळच्या गारव्यात पळणारा बैल आणि भर दुपारी, उकरलेल्या मातीत पळणारा बैल यांत फरक राहतोच. एका ठिकाणचा अन्याय काढावा, तर तो दुसरीकडे जाऊन बसतो.

मोटारींच्या शर्यतीत तर उलटा न्याय. फॉर्म्युला वनमध्ये आदल्या दिवशी जो सर्वांत वेगवान, तो दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पुढून सुटतो. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन भारतीय ग्रांप्री झाल्या. तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल पहिल्या जागेवरून सुटला आणि तिन्ही वेळा तोच जिंकला. गाडी उत्तम, चालक उत्तम, हे खरेच. पण ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेत स्टॉक कारच्या काही स्थानिक शर्यतींत याच्या नेमके उलट करतात : वेगवान गाड्या मागे, संथ गाड्या पुढे. त्याने चुरस वाढते. पण वेगवान असणे हाच गुन्हा ठरतो, हा आक्षेपही खोटा नाही.

मग न्याय कशात आहे? मला तो चारशे मीटर धावण्याच्या शर्यतीत दिसतो. तिथे आठही धावपटू एका रेषेत उभे नसतात. दुसऱ्या लेनमधला पहिल्याच्या ७ मीटर ४ सेंटीमीटर पुढे असतो, तर आठव्या लेनमधला सुमारे ५३ मीटर पुढे. प्रथमच पाहणाऱ्याला वाटेल, हा तर उघड पक्षपात! पण बाहेरच्या लेनचे वळण लांब असते. सगळ्यांना एका रेषेवर उभे केले असते, तर बाहेरच्याला ५३ मीटर जास्त पळावे लागले असते. ती पुढची जागा म्हणजे दया नव्हे. तो मोजमापाचा हिशेब आहे. आणि शेवटची रेषा? ती सर्वांना एकच.

मित्रहो, हा हिशेब महाडच्या माणसाला वेगळा शिकवायला नको. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर सगळे एका रेषेवर आले. प्रत्यक्षात मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले, पाणी प्याल्याबद्दल लोकांनी मार खाल्ला, आणि न्यायालयातला निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. ‘सर्वांना मुभा आहे’ असे म्हटल्याने सर्वांचे अंतर सारखे होत नाही.

म्हणूनच राखीव जागांचा विषय निघाला की ‘गुणवत्तेचे काय?’ असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की लेनचे वळण आधी पाहा. ज्याच्या घरात दोन पिढ्या पुस्तके आहेत तो आतल्या लेनमध्ये आहे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून उतरून एस.टी. गाठणारा, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला बाहेरच्या लेनमध्ये आहे. मीही त्यांतलाच एक. प्रवेशाची जागा कशीही मिळो, विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सर्वांना तीच असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मैदान फुटपट्टीने मोजता येते, माणसाचे आयुष्य नाही. एकाच जातीत एकजण शहरातल्या अधिकाऱ्याचा मुलगा असतो, तर दुसरा ऊसतोडीला जाणाऱ्याचा. माप ढोबळ आहे, हे कबूल. परंतु माप ढोबळ असेल तर ते पुन्हा नीट घ्यावे. मापच नको म्हणणे म्हणजे आतल्या लेनवाल्याला विजय बहाल करणे होय.

मोठ्या गोष्टी सरकारने नि न्यायालयांनी कराव्यात. आपण निदान आपल्या मैदानापासून सुरुवात करू. वार्षिक क्रीडास्पर्धांत लेनच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर टाकाव्यात. प्राथमिक फेरीत ज्याला खड्ड्याची लेन आली, त्याला अंतिम फेरीत ती देऊ नये. आणि वळणाच्या शर्यतीत रेषा अंदाजाने न मारता टेप धरून मारावी. त्याला फार तर अर्धा तास लागेल.