ओटीपी दिला, पण पार्सल कुठे आहे?
ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसते, पण दाराशी खोका नाही. गेटवर किंवा जिन्यात ठेवलेले पार्सल कुणीही उचलू शकते. खरी अडचण पुढे येते. ‘खाली ठेवा’ म्हणत फोनवरच ओटीपी सांगितला असेल, तर कंपनीच्या नोंदीत वस्तू तुम्हाला मिळालेली असते. ओटीपी म्हणजे पोचपावतीवरची सहीच! घरी कुणी नसेल तर डिलिव्हरीची वेळ बदलून घ्या. पार्सल गहाळ झालेच, तर त्याच दिवशी ॲपवर तक्रार करा आणि सोसायटीला सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. जुने चित्रण आपोआप पुसले जाते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती सोडवायची असते. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.