वंशावळ आणि वचन

ग्रंथारंभी मंगलाचरण करावे, ही आपली परंपरा. ख्रिस्ती धर्मग्रंथातील मत्तयाचे शुभवर्तमान मात्र नावांच्या यादीने सुरू होते. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत, तेथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि तेथून येशूपर्यंत, अशा चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन टप्प्यांत ती मांडली आहे. नाताळच्या निमित्ताने हा ग्रंथ उघडणारा वाचक बहुधा ही नावे ओलांडून पुढे जातो. परंतु संकल्पाच्या वेळी गोत्राचा उच्चार करणाऱ्या घरांना तिचे मर्म कळणे अवघड नाही. वंशावळ ही नुसती जंत्री नव्हे. ती दिलेल्या शब्दाची साक्ष असते.

तो शब्द कोणता? ७५ वर्षांचा निपुत्रिक अब्राहाम देवाज्ञेने हारान सोडून निघाला, तेव्हा त्याच्यापासून मोठे राष्ट्र निर्माण होईल आणि पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्याद्वारे आशीर्वाद लाभेल, असे वचन त्याला मिळाले. पुत्र इसहाक जन्मला तो त्याच्या वयाच्या १०० व्या वर्षी! पुढे दावीदालाही अभय मिळाले की, वंशजांनी अधर्म केल्यास त्यांना शासन होईल, पण कृपा काढून घेतली जाणार नाही. ज्याची पणजी रूथ ही मवाब देशाची परकी स्त्री होती, तोच हा दावीद. ‘सर्व कुळे’ हा शब्द या वंशावळीत असा आधीच उतरला होता.

या वचनाची खरी कसोटी लागली ती इ.स.पू. ५९७ मध्ये. नबुखद्नेस्सराने यरुशलेम जिंकून तरुण राजा यहोयाखीन याला बाबेलास नेले. याच राजाविषयी संदेष्टा यिर्मया याने देवाचा कठोर निर्णय सांगितला होता : हा उजव्या हातातील मुद्रेची अंगठी असता, तरी ती उपटून फेकली असती, याची नोंद निःसंतान अशी करा, याचा वंशज सिंहासनावर बसणार नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये मंदिरही भस्मसात झाले. करार संपला, असे कोणालाही वाटावे.

परंतु बंदिवासानंतर रचलेल्या ‘इतिहास’ या ग्रंथाची पहिली नऊ प्रकरणे बहुतांशी वंशावळींनीच भरलेली आहेत, आणि त्यांत ज्याला निःसंतान लिहावयाचे होते, त्याच बंदिवान राजाचे सात पुत्र नावानिशी नोंदलेले आहेत. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मृत्तिकापट्टिकांवरही यहूदाचा हा राजा आणि त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. त्याचाच नातू जरुब्बाबेल स्वदेशी परतला व मंदिराच्या पुनर्बांधणीत अग्रभागी राहिला. हाग्गय संदेष्ट्याने इ.स.पू. ५२० मध्ये त्याला सांगितले की, देव तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करील. फेकलेली अंगठी पुन्हा हाती आली! जरुब्बाबेल सिंहासनावर मात्र बसला नाही. तो केवळ प्रांताधिकारी होता. शासनाचा शब्दही खरा ठरला आणि कृपेचाही. मत्तयाच्या यादीत दुसरा टप्पा संपतो आणि तिसरा सुरू होतो, तो याच राजाच्या नावावर.

या कराराची खूण आपल्या कोकणातही शतकानुशतके जपली गेली. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल, म्हणजेच आपले ‘शनिवार तेली’, यांनी मराठी आपलीशी केली, गावांवरून आडनावे घेतली. पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम आणि आठव्या दिवशीचा सुंता-संस्कार सोडला नाही. तो संस्कार म्हणजे अब्राहामाला सांगितलेली कराराची खूणच होय.

या वंशावळींत सर्वच पुण्यपुरुष नाहीत. मूर्तिपूजेसाठी आणि रक्तपातासाठी निंदिलेला मनश्शे राजाही तेथे आहे, आणि त्याचे नाव खोडलेले नाही. माणसे वचनाला चुकली, वचन माणसांना चुकले नाही, हेच त्या रुक्ष भासणाऱ्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत.