परत आला तो कोण?

परीक्षा तोंडावर असताना रात्री दोन वाजता भुताचं पुस्तक वाचणाऱ्याला रेक्टर सर काय म्हणतील, ते मला माहीत आहे. पण मित्रांनो, आधी ऐका तर!

पुस्तक आहे ‘द समर हिकारू डाइड’. मोकुमोकुरेन या टोपणनावाने लिहिलेली जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा. २०२१ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली, २०२५ मध्ये तिच्यावर ॲनिमे मालिकाही आली. डोंगरातलं खेडं, योशिकी आणि हिकारू हे जिगरी दोस्त. हिकारू डोंगरात हरवतो आणि आठवड्याने परत येतो. तोच चेहरा, तेच हसू, आठवणीसुद्धा त्याच. पण आत हिकारू नाही, दुसरंच काहीतरी आहे! योशिकी ते ओळखतो, तोंडावर विचारतो. ते ‘काहीतरी’ रडून विनवतं, कुणाला सांगू नकोस. मला भीती वाटली ती यापुढे. कारण योशिकी त्याला सोडत नाही.

असलं जपान्यांनाच सुचतं, असं आमच्या विंगचं मत पडलं. मला नाही पटलं. मी जतचा. आमच्याकडे मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार, मराठी-कानडी एकत्र कालवा. तिथेच आजीने गोष्ट सांगितली होती. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आई रेणुकेचं मुंडकं उडवलं, मग वर मागून तिला जिवंत केलं. पण मुंडक्यांची अदलाबदल झाली. रेणुकेचं शिर मातंगीच्या धडावर बसलं. मी विचारलं, “मग आई कुठली?” आजी म्हणाली, “दोघींच्याबी पाया पड.”

वेताळाला विक्रमाने चटकन निकाल दिला होता, ज्याचं डोकं तोच नवरा. आपल्याला पटेल असंच उत्तर, प्रोसेसर महत्त्वाचा, कॅबिनेट कुठलंही चालेल! इथे तर डोकं, आठवणी सगळं तेच आहे, तरी हिकारू नाही. कॉन्व्हेंटमध्ये लाझरसची गोष्ट होती. चार दिवसांनी थडग्यातून उठला, पण पुढे बहिणींबरोबर त्याचे दिवस कसे गेले, ते कुणी सांगितलं नाही. महाभारतात परशुराम आणखी एक वर मागतो, की आईला मारल्याची आठवण राहू नये. योशिकीला ही सवलत नाही. त्याला सगळं माहीत असतं, तरी रोज त्याच्याबरोबर शाळेत जायचं असतं.

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो. आमच्या विंगमधला एकजण आजारपणामुळे वर्षभर घरी होता. परत आला तो गप्प, कॅरमला न बसणारा. “पहिल्यासारखा राहिला नाही यार,” असं आम्ही महिनाभर म्हणत होतो. जुने जोक मारून जुना तो सापडतोय का ते बघितलं, मग त्याच्या खोलीत जाणंच सोडलं. मीसुद्धा. समजा, तो पहिला नाहीच. मग जो आलाय, त्याची ओळख आमच्यापैकी कुणी करून घेतली?

परवा पुस्तक घेऊन त्याचं दार वाजवलं. “भुताचं आहे का?” म्हणाला.

“वाच आणि तूच सांग.”

पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.